कोरडा हात

माझ्या लोणच्याला आजवर कधी बुरशी आली नाही. फुशारकी मारत नाही, चामराजपेटेत कुणालाही विचारा. कृष्णवेणीबाईंच्या भरणीतली शेवटची फोड नवे आंबे बाजारात आले तरी करकरीत असते. माझ्या घरात एकच कायदा, भरणीला ओला हात लागता कामा नये. आमचे हे, हयवदनराव, बँकेत मॅनेजर होते. तिथे सगळ्यांवर ओरडायचे. पण घरी लोणचं घ्यायच्या आधी दोन्ही तळवे मला उलटेसुलटे करून दाखवायचे. तर अशा बाईच्या नखाला बुरशी झाली. आता बोला!

सुरुवात दिवाळीनंतर झाली. उजव्या अंगठ्याच्या नखाची कड पिवळी दिसायला लागली. मी म्हटलं, हळद असेल. स्वयंपाक करणाऱ्या बाईची नखं पिवळी असायचीच, त्यात काय बघायचं? मग ती कड पांढुरकी, भुसभुशीत झाली. नख जाड होऊन खालून सुटायला लागलं, त्यात पदराचा धागा अडकला की जीव जायचा. भोवतीची कातडी लाल आणि फुगलेली. पुढे शेजारचं बोटही त्याच वाटेनं निघालं. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.

आता आमच्या लोकांचं एक आहे. काहीही झालं की पहिलं औषध पाणी. तीन-चारशे वर्षांपूर्वी आमचं कुणीतरी इकडे कानडी मुलखात आलं आणि परत गेलंच नाही. गाव विसरलं, आडनावात कानडी घुसलं, पण घरातली मराठी आणि सोवळं काही सुटलं नाही. मग मी काय केलं असेल? धुतलं. सकाळी धुतलं, दुपारी धुतलं, दाराला हात लागला म्हणून धुतलं, दूधवाल्याकडून पिशवी घेतली म्हणून धुतलं. शिकेकाईनं घासलं. रात्री ओली हळद वाटून बोटाला थापली, वर ओल्या फडक्याची पट्टी घट्ट बांधली आणि झोपले. असं महिनाभर केलं. बोट काही सुधारेना, तेव्हा मी म्हटलं, आपलं धुणंच कमी पडतंय.

आणि भांडी. भांड्यांचं सांगायलाच हवं, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे.

आमचं घर एके काळी भरलेलं होतं. दोन दीर, जावा, त्यांची पोरं, सासूबाई, येणारेजाणारे. पंगत उठली की मोरीत भांड्यांचा ढीग लागायचा आणि आम्ही जावा तिथे बसून एकमेकींच्या माहेराची खेचायचो. मग दीर जे. पी. नगरला फ्लॅट घेऊन गेले. पोरं पांगली. माझा प्रणीत लग्नानंतर के. आर. पुरमला गेला, त्याचं ऑफिस तिकडे. दोन वर्षांपूर्वी हे गेले. उरले मी आणि माळ्यावरची भांडी.

पहिल्यांदा मी ती खाली काढली तेव्हा खरंच धूळ बसली होती. पातेली, परात, पितळी डबे, चांदीच्या वाट्या, मोठं घंगाळ. सगळं मोरीत मांडून बसले, नळ सोडला, घासायला लागले, आणि घरात तो आवाज आला. पितळेवर पितळ आपटल्याचा, जणू आत कुणीतरी जेवून उठलंय. वर भाड्यानं राहणारी वसुमती, कानडी बाई, सज्ज्यातून वाकून म्हणाली, "नेंटरु बंदिद्दारा, अम्मा?" म्हणजे पाहुणे आलेत का. माझ्या तोंडून निघून गेलं, "हो गं, आलेत."

झालं. मग रोजचंच सुरू झालं. आज पितळ, उद्या चांदी, परवा तांबं. घासलेलं पुन्हा घासायचं. तासन्‌तास हात पाण्यात. वेडेपणा होता, मला कळत नव्हतं असं नाही. पण भांडी वाजली की घर घरासारखं वाटायचं, नाहीतर मला माझा श्वास ऐकू यायचा. मला एकटं वाटत होतं. सरळ सांगते, त्यात लाजायचं काय? पण तेव्हा लाजत होते.

त्यातच संक्रांतीच्या सुमाराला माझी नात जन्मली. कावेरी.

माझी सून अनुषा धारवाडची. मला इकडच्या रीतीनं अत्ते म्हणते. कॉम्प्युटरवाली, बोलणं बंदुकीच्या गोळीसारखं, पण मनानं वाईट नाही. बाळंतपण इथेच झालं, तिची आई धारवाडहून आली. ठरलं असं, की युगादीपर्यंत, म्हणजे पाडव्यापर्यंत, तिची आई राहील, मग मी के. आर. पुरमला जायचं आणि बाळाचं न्हाऊमाखू माझ्याकडे. आमच्या घरात बाळाला आजीनंच न्हाऊ घालायचं. भिंतीला टेकून बसायचं, पाय लांब सोडायचे, त्या पायांवर बाळाला आडवं घ्यायचं आणि तेल, मग पाणी. दिरांच्या पोरांना सासूबाईंनी घातलं, प्रणीतला त्यांनीच घातलं, मी शेजारी बसून तांब्या द्यायची आणि बघायची. मनात म्हणायची, माझीही पाळी येईल. ती आली होती. कावेरीला न्हाऊ घालायला मिळालं, तर रोज सकाळी माझ्यासाठी एक माणूस थांबलेलं असणार होतं, मला एवढंच हवं होतं.

आणि माझा अंगठा असा!

बारशाला जायचं तर तो दाखवायचा कसा? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून मी काय केलं माहितीये? कोपऱ्यावरच्या फॅन्सी स्टोअरमधून नेलपॉलिश आणलं. जन्मात कधी लावलं नव्हतं. दुकानदारीण म्हणाली, "अक्का, सुनेला का?" मी म्हटलं, "सरी, हो, सुनेलाच." घरी येऊन दहाही बोटांना लालभडक फासलं. आरशात बघवेना. त्या वेषात मार्केटला मेट्रो धरली, मॅजेस्टिकला बदलली, के. आर. पुरमला उतरले. सगळ्या प्रवासात मुठी मिटलेल्या.

बारशाला कुणी काही बोललं नाही. पाहुण्या बायकांनी एकमेकींकडे बघून डोळे मोठे केले तेवढंच. मी हात पुढे करून कावेरीला घेतलं. इतकंसं तोंड, कपाळ अगदी यांचं. माझं लक्ष तिच्या तोंडाकडे आणि अनुषाचं माझ्या अंगठ्याकडे. रंग लावला तरी नख जाडच ना! वर सकाळच्या पाण्यानं कडेचा पोपडा गेला होता.

"अत्ते, हे काय झालंय?"

"काही नाही गं. दारात सापडलं."

"दारात सापडून असं नाही होत. हे फंगल आहे." आणि तिनं बाळाला माझ्या हातातून काढून घेतलं. हळूच घेतलं, हिसकावलं नाही. पण घेतलं. "सॉरी अत्ते. तिची स्किन अजून खूप नाजूक आहे. हे बरं होऊ दे, मग घ्या."

हात तसेच पुढे राहिले माझे. ते कुठे ठेवायचे कळेना, म्हणून पाळण्याची दोरी धरली. तीही सोडून दिली, म्हटलं, न जाणो.

प्रणीत खाली सोडायला आला. म्हणाला, "आई, मनाला लावून घेऊ नकोस. डॉक्टरकडे जा. आणि भांडी घासताना हे घाल." रबरी हातमोजे, दोन जोड. लेकानं आणले म्हणून मी ते घातले, अगदी निष्ठेनं. ओले हात पुसायचे कशाला, आधीच पाण्यातले, तसेच आत सारायचे. दुपारपर्यंत आत घाम आणि पाणी, बोटं भिजलेल्या बदामासारखी पांढरी. आणि माझं चाललेलं, मोजे आहेत ना, मग घासा अजून! करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

शेवटी आमच्याच भागात एक चामडीच्या डॉक्टरीण बसतात, भव्या म्हणून, त्यांच्याकडे गेले. वय माझ्या प्रणीतएवढं. माझा अंगठा दिव्याखाली धरून बघितला, नखाखालचा भुसा खरवडून तपासायला पाठवला, आणि प्रश्न सुरू केले. साखर आहे का? नाही. ते तपासून घ्या, साखर असली की हे लवकर होतं. घेते. नखाला कधी मार बसला? नाही. पार्लरमध्ये नखं करून घेता का, तिथल्या अवजारांवरून होतं कधी कधी. मी म्हटलं, माझ्याकडे बघून वाटतं का तसं? त्यांनी माझ्या उरल्यासुरल्या लाल नखांकडे बघितलं. मग मीच सांगितलं, रंग झाकायला लावला.

"तो लावला की ओल आत कोंडते. दुसरं कुणाचं नेलकटर वापरता?"

"दुसरं कुणाचं..." मी म्हटलं, "नाही."

"पाण्यात काम किती?"

मी भांड्यांचं सांगितलं. हळदीची ओली पट्टी सांगितली, मोजे सांगितले. त्या ऐकत गेल्या आणि त्यांच्या भुवया वर वर जात राहिल्या.

"अम्मा, नखाच्या मुळाशी कातडीची बारीक कड असते ना, ती आतल्या जागेचं झाकण आहे. हात सारखा पाण्यात राहिला की ती भिजून सुटते. आत ओल शिरते, आणि बुरशीला दुसरं काय लागतं? उबदार, ओलं, बंद. वयानं नख हळू वाढतं, म्हणून ती हलतही नाही. तुम्ही दिवसा ओल दिलीत, रात्री पट्टी बांधून झाकलंत."

ओला हात! सगळ्या जन्मात मी ज्याला त्याला ज्यावरून फाडून खाल्लं, तेच माझ्या अंगठ्याला झालं होतं. आमचे हे असते तर पोट धरून हसले असते. म्हणाले असते, दाखव बघू तळवे.

"पण एवढी भांडी कशाला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "घरात किती माणसं?"

साधा प्रश्न होता. कुणीही नाही, मी एकटी, एवढंच म्हणायचं होतं. पण मग पुढचा प्रश्न आला असता, कुणाची भांडी? त्याचं उत्तर मला कुणाच्याच तोंडावर देता आलं नसतं.

"भरलं घर आहे," मी म्हटलं. "दीर, जावा, पोरंबाळं. आठ-दहा पानं होतात रोज."

"मग त्यांना सांगा घासायला! तुम्ही काही महिने मोरीकडे फिरकायचंसुद्धा नाही. हात कोरडे, बोटांच्या फटी कोरड्या. गोळ्या देते, नखावर लावायचं औषध देते. तरी हाताचं नख पूर्ण नवं यायला सहा महिने लागतात."

सहा महिने! तोवर कावेरी बसायला लागेल, टबात स्वतःच पाणी उडवेल. पायांवर न्हाऊ घालायचं वय काही माझ्या नखासाठी थांबणार नाही. मी गोळ्या घेतल्या आणि बाहेर येऊन फूटपाथवर उभी राहिले. बस गेली, रिक्षावाल्यांनी हाका मारल्या. मला घरी जावंसं वाटेना.

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, आजपासून कोरडं. एक ताट, एक वाटी, एक पातेलं. ती घासून, हात पुसून, टॉवेलनं फटी कोरड्या करून बसले तेव्हा नऊसुद्धा वाजले नव्हते. बसले. पेपर वाचला. टीव्ही लावला, बंद केला. यांच्या फोटोची धूळ कोरड्या फडक्यानं झटकली. हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडे बघत बसले. दुपारी जिन्यावर पावलं वाजली. वसुमती होती.

"अम्मा, बरं आहे ना तुम्हाला? आज काही आवाज नाही म्हणून घाबरले."

"बरी आहे गं. पाहुणे बाहेर गेलेत," मी म्हटलं.

ती गेली आणि मला रडू फुटलं. म्हटलं, म्हणजे मी जिवंत आहे हे लोकांना भांड्यांवरून कळतं! हात कोरडे ठेवले तर नातीजवळ जाता येईल, पण कोरडे ठेवले तर तोवर या घरात दिवस काढायचा कसा? इकडे आड तिकडे विहीर. पुढचे दोन दिवस कसेबसे काढले. तिसऱ्या दिवशी मी घंगाळ खाली काढलं.

गोळ्या चालू होत्या, लावायचं औषध चालू होतं, आणि नळही चालू होता.

युगादी झाली. अनुषाची आई धारवाडला परत गेली. आता मला बोलावणं यायला हवं होतं. फोन आला, प्रणीतचा. "आई, बाळाला न्हाऊ घालायला एक आया बघतोय. तात्पुरती. तुझं बरं झालं की तूच." मी म्हटलं, "सरी, सरी, बघा ना. उगीच धोका कशाला." फोन ठेवला आणि त्या दिवशी चांदीच्या वाट्या तीनदा धुतल्या.

पुन्हा दाखवायला जायच्या दिवशी अनुषा दारात उभी. बाळाला प्रणीतजवळ ठेवून आली होती. "मी येते तुमच्याबरोबर," म्हणाली. "नीट विचारूया, अजून किती दिवस." डॉक्टरीणबाईंना मी सांगितलेली ती आठ-दहा पानं! वाटेत दोनदा म्हटलं, तू जा, बाळ रडेल. ऐकेल तर अनुषा कसली.

डॉक्टर भव्यांनी माझा अंगठा बघितला आणि त्यांचा चेहराच पडला. "साखर नाही, गोळ्या चालू आहेत, आणि नख आहे तिथेच. पाणी चालूच आहे ना?"

मी मान खाली घातली.

त्या अनुषाकडे वळल्या. "तुम्ही सून? त्याच घरातल्या? मग जरा स्पष्ट बोलते. घरात दहा माणसं जेवतात, आणि या वयाची बाई एकटी सगळ्यांची भांडी घासते? कुणाला आपलं ताटसुद्धा विसळता येत नाही? यांना नखाचा आजार नाही, यांना तुमच्या घरचा आजार आहे."

अनुषानं माझ्याकडे बघितलं. दहा माणसं? तिच्या तोंडावर प्रश्न आला तो मी बघितला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. आता ही विचारणार, कुठली दहा माणसं, आणि मग सगळं उघडं पडणार.

तिनं माझ्या हातांकडे बघितलं. मग पुन्हा तोंडाकडे.

"सॉरी, डॉक्टर," ती म्हणाली. "आमचीच चूक आहे. यापुढे आम्ही सगळे आपापलं घासू."

मी तिच्याकडे बघूच शकले नाही. धारवाडच्या त्या पोरीनं न केलेला गुन्हा पदरात घेतला, तोही माझ्या दिरांच्या आणि जावांच्या वाटचा, ज्यांना तिनं लग्नात एकदाच पाहिलंय.

मला वाटलं संपलं. पण उठता उठता अनुषा म्हणाली, "डॉक्टर, यांच्या पायाची नखंही बघाल? पाय, तळवे, सगळं."

असा राग आला म्हणून सांगू! मनात म्हटलं, वा गं वा, हात नापास झाले, आता पायही नापास करून घे. म्हणजे उंबऱ्याच्या आत यायलाच नको. पण मघाशी तिनं माझी अब्रू राखली होती, काय बोलणार? चपला काढल्या. डॉक्टरीणबाईंनी दहाही बोटं, मधल्या फटी, टाचा, पोटऱ्या बघितल्या. "पाय एकदम स्वच्छ," म्हणाल्या. मी अनुषाकडे बघितलं, की बघ! मी चपला घालेपर्यंत ती डॉक्टरीणबाईंशी हळू आवाजात काहीतरी बोलत होती. मी ऐकायचा प्रयत्न केला, पण हल्ली कान साथ देत नाहीत.

घरी पोचलो. घरात आली, सरळ मागे गेली. मागच्या ओट्यावर मी सकाळीच सगळं पालथं घातलं होतं. परात, पातेली, डबे, ताटं, वाट्या, पेले. लग्नघरासारखं. ती तिथे उभी राहिली. वरून वसुमती वाकली. "अम्मा, नेंटरु गेले का?"

मी तोंड उघडायच्या आत अनुषानं कानडीत उत्तर दिलं. "गेले हो. आता अज्जीच चालल्यात, आमच्याकडे."

मग तिनं दोरीवरचा टॉवेल ओढला, खाली बसली आणि एकेक भांडं पुसायला लागली. मी हात लावायला गेले तर म्हणाली, "तुम्ही नाही. तुम्ही सांगा फक्त, कुठलं कुठे." मी सांगत गेले. ही परात माझ्या सासूबाईंची. हा पेला यांचा, यातच कॉफी लागायची. या वाट्या जाऊबाईंनी मागितल्या होत्या, दिल्या नाहीत. ती पुसत गेली, माळ्यावर चढवत गेली. शेवटी तिनं घंगाळ पुसलं, पण वर ठेवलं नाही.

"हे घेऊया बरोबर," म्हणाली.

"कशाला?" मी म्हटलं. "तुमच्याकडे टब आहे, आया आहे."

"अत्ते, चला तर. स्वल्प वेळानं मेट्रोला गर्दी होईल."

के. आर. पुरमला पोचलो तेव्हा ऊन होतं. कावेरी जागी होती आणि प्रणीत रडकुंडीला आलेला. आया अजून ठरलीच नव्हती म्हणे. अनुषानं बाथरूममध्ये भिंतीशी पाट टाकला. घंगाळात कोमट पाणी काढलं. तेलाची वाटी ठेवली. मी दारात उभी, हात मागे बांधून, कुठे लागू नयेत म्हणून.

"बसा," ती म्हणाली.

"मी? माझे हात..."

"हात वर ठेवायचे. ते पाण्यात नाही घालायचे. पाय लांब करा." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "डॉक्टरांना विचारलंय मी. पायांना काही झालेलं नाही."

मी बसले. साडी गुडघ्यापर्यंत घेतली, पाठ भिंतीला लावली, पाय सोडले. दीर-जावांची पोरं जशी सासूबाईंच्या पायांवर असायची, तशी अनुषानं कावेरीला माझ्या पायांवर आडवी ठेवली. उघडी, गरम. सांगू कसं? बारशाचा तो क्षण सोडला तर दोन वर्षांत मला कुणाचं अंग लागलं नव्हतं. लोक लांबून नमस्कार करायचे, बसमध्ये धक्का लागायचा तेवढाच.

"सांगा आता," अनुषा म्हणाली. "मला काही येत नाही. आई करायची तेव्हा मी झोपलेली असायची."

मग मी सांगायला लागले. दोन्ही हात खांद्याच्या वर, शरण आलेल्या माणसासारखे, कोरडे ठणठणीत, आणि तोंड चालू. आधी टाळूवर तेल, दाबू नको, नुसतं ठेव. छातीवरून खाली. मानेच्या वळीत बोट घाल, तिथेच मळ राहतो. पाणी कपाळावर घेताना तळहाताचा आडोसा धर, अगं, डोळ्यांत जाईल! काखा बघ. बोटांच्या फटी बघ, आणि नंतर कोरड्या कर, ओल राहू देऊ नको, ओलीनं काय होतं ते मला विचार. अनुषा हसली. कोमट पाणी बाळावरून माझ्या पोटऱ्यांवर आलं आणि खाली वाहून गेलं. कावेरी रडली नाही. टकामका माझ्याकडे बघत राहिली आणि बघता बघता माझ्या पायांवरच मुतली.

माझे डोळे भरून आले. ते पुसायला मी हात खाली आणला.

"अत्ते!" अनुषा ओरडली. "हात ओले करायचे नाहीत!"

मी हात तसेच परत वर केले. तिनं खांद्यावरचा टॉवेल ओढला, एका हातानं बाळ धरलं आणि दुसऱ्या हातानं माझे डोळे पुसले.